दोराबाहेर पडलेला विजेता

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जॉर्ज बेलोजचं ‘डेम्प्सी अँड फिर्पो’ हे १९२४चं तैलचित्र आहे. अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोनं ठोसा लगावलाय आणि जगज्जेता जॅक डेम्प्सी दोरांतून उताणा, पाय वर, थेट पुढच्या रांगेवर कोसळतोय. चित्र पाहणारा कुणीही सांगेल, फिर्पो जिंकला. जिंकला होता डेम्प्सी.

या चित्राचं मूळ शोधत गेलं, की आपण एका दारूच्या गुत्त्यात पोचतो. टॉम शार्की हा पूर्वीचा खलाशी आणि मुष्टियोद्धा. त्याचा गुत्ता बेलोजच्या स्टुडिओसमोरच होता. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जाहीर लढतींना कायद्यानं बंदी होती, खासगी क्लबात मात्र त्या चालत. मग लढणाऱ्यांनाच त्या रात्रीपुरतं सभासद करून घ्यायचं! १९०९च्या एका चित्राला बेलोजनं नावच दिलं, ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’, म्हणजे ‘दोघंही या क्लबचे सभासद’. कायद्याची पळवाटच चौकटीत बसवली.

त्याच वर्षीच्या ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’मध्ये दोघांचे चेहरे धड दिसतही नाहीत. रंगाचे जाड फटकारे, अंधारात माखलेली गर्दी आणि एकमेकांवर रेललेली दोन शरीरं. त्याआधी दहा वर्षं टॉमस ईकिन्सनंही मुष्टियोद्धे रंगवले होते, पण ते दोन फेऱ्यांमधली विश्रांती, पंचाची मोजणी असे थांबलेले क्षण. बेलोजनं ठोसाच पकडला. आजूबाजूचं जगणं रंगवा, हा त्याचे गुरू रॉबर्ट हेन्री यांचा धडा त्यानं गुत्त्यापर्यंत नेला.

१९२०मध्ये कायदा बदलला आणि गुत्त्यातला खेळ मैदानावर आला. १४ सप्टेंबर १९२३ रोजी पोलो ग्राउंड्सवर सुमारे ८० हजार लोक जमले. ‘इव्हनिंग जर्नल’ या दैनिकासाठी बेलोज रिंगणाजवळ बसला होता. पहिल्याच फेरीत डेम्प्सीनं फिर्पोला सात वेळा पाडलं. तरी फिर्पो उठला आणि त्यानं डेम्प्सीला रिंगणाबाहेर फेकलं. पत्रकारांनी त्याला ढकलून परत आत चढवलं आणि दुसऱ्या फेरीत त्यानं लढत संपवली. बेलोजनं या प्रसंगाचं आधी शिळाछाप केलं, मग तैलचित्र. गुत्त्यातले फटकारे इथं नाहीत. आकृत्या गुळगुळीत, रेषा भूमितीनं बांधलेल्या, चेहरे ओळखू येणारे. अंधारातला चोरटा खेळ आता वर्तमानपत्राची बातमी झाला होता, आणि चित्रानंही तसंच रूप घेतलं.

जानेवारी १९२५मध्ये अपेंडिक्स फुटून बेलोज गेला, वयाच्या ४२व्या वर्षी. १९३१ साली व्हिटनी संग्रहालय सुरू झालं आणि त्याच वर्षी हे चित्र तिथं आलं. चित्रात अगदी डाव्या कडेला एक टक्कल पडलेला माणूस बसलाय. तो स्वतः बेलोज, असं मानतात. गुत्त्यापासून मैदानापर्यंत खेळाचा कायदा बदलला, रंग बदलले. बेलोजची जागा तीच राहिली, दोरांच्या खाली.