पोट की बोट?

येलहंक्यातून बोलतोय. आमच्याकडच्या दवाखान्यांत कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, हिंदी असं सगळं कानावर पडतं, अधूनमधून मराठीही. सिस्टर मंडळी तीन-चार भाषा सहज बोलतात. पण समोर कर्णबधिर रुग्ण आला, की यातली एकही कामाला येत नाही. या अडचणीमागे मोठा इतिहास आहे.

१८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवा, हातांच्या खुणा नकोत, असं तिथे ठरलं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते! पुढे भारतातल्या अनेक शाळांतही हीच पद्धत रुजली. त्यातून एक समजूत पसरली: हळू आणि ठळक बोललं की बहिऱ्याला कळतं.

आरशासमोर ‘पोट’ म्हणा, मग ‘बोट’ म्हणा. ओठ सारखेच हलतात. आता सिस्टरने विचारलं, ‘पोट दुखतंय का?’ रुग्णाने काय समजायचं? २०२० मध्ये तर मास्कमागे ओठही गेले.

मग लिहून दाखवावं? पण मराठी लिहिणाऱ्या रुग्णाची चिठ्ठी केरळच्या सिस्टरला वाचता येईलच असं नाही. शिवाय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं असल्याने अनेकांना लिखित भाषा परकीच वाटते.

गंमत पाहा. १९७७च्या सुमारास मदन वशिष्ठ (हे स्वतः कर्णबधिर) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू इथल्या खुणा अभ्यासल्या. शब्दांत फरक होते, पण त्या एकाच भाषेच्या बोली निघाल्या. म्हणजे आपण ऐकणारे राज्याराज्यांत भाषेवरून अडतो, आणि मुंबईच्या खुणा बंगळुरूत बऱ्याच अंशी चालतात!

२०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत खुणांनाही जागा दिली.

वॉर्डात मात्र छोट्या गोष्टींनीच फरक पडतो. सलाईनची सुई रुग्णाच्या उजव्या हाताला टोचून तो हात पट्टीला बांधला, तर खुणांनी बोलणाऱ्याची जीभच बांधली जाते. म्हणून आधी विचारावं, कोणत्या हाताने बोलता? आणि त्याने नुसती मान हलवली, तर ती संमती धरू नये. न कळताही माणूस मान हलवतो. काय समजलं, ते त्यालाच खुणेने किंवा चित्राने सांगू द्यावं. मगच सही घ्यावी.