आधी हत्यारे, मग मोटार

लातूरच्या बाजार समितीत हंगामाच्या दिवसांत तूर-सोयाबीनची पोती उतरवणाऱ्या वाहनांत 'टाटा ४०७' हमखास दिसते. गावाकडे हिलाही सरसकट 'टेम्पो'च म्हणतात. कडब्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत काहीही तिच्यातून जाते. ही गाडी १९८६ साली बाजारात आली. त्याच सुमारास साधारण याच वजनाच्या गटात आणखी चार गाड्या उतरल्या होत्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. चौघींच्या पाठीशी जपानी कंपन्या होत्या. ४०७ मात्र टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) अभियंत्यांनी इथेच आखलेली होती.

जपानी तंत्र पुढारलेले होते यात शंका नाही. मग ४०७ नुसती टिकली नाही, तर पुढे गेली, ती कशामुळे? याचे उत्तर १९८६ मध्ये सापडत नाही. त्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल, आणि प्रथम पुण्याला नव्हे, तर मुंबईतील कुर्ल्याला.

कुर्ल्याचा कारखाना

भारतात मोटारीचा कारखाना असावा, अशी योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. ती उचलून धरली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्या काळी जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्या परदेशातून सुटे भाग आणून इथे फक्त जुळणी करत. जुळणी आणि निर्मिती यांतला फरक वालचंदांना पुरता ठाऊक होता. १९४४ साली त्यांनी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे निर्मितीचा कार्यक्रम नाही त्यांनी हा धंदा बंद करावा. जनरल मोटर्स निघून गेली. प्रीमियर राहिली आणि एकेक भाग देशात तयार करू लागली.

यानंतर जे घडले ते विद्यार्थ्यांना कोड्यात टाकणारे आहे. १९६४ च्या सुमारास आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, मग 'पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. नाव बदलले, बारीकसारीक फेरफार झाले, पण गाडी मुळात तीच! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. गाडीतला जवळजवळ प्रत्येक भाग करता येणाऱ्या कारखान्याला नवी गाडी का करता आली नाही?

साच्याचा हिशेब

मोटारीचा दरवाजा पोलादी पत्र्याचा असतो. हा पत्रा दोन अवजड साच्यांमध्ये दाबून त्याला आकार देतात. कारखान्यात या साच्यांना 'डाय' म्हणतात. डाय बनवणे फार कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे. समजा, एका गाडीच्या काही डायना मिळून २ कोटी रुपये लागले. त्यांवर १०,००० गाड्या काढल्या तर प्रत्येक गाडीवर २,००० रुपयांचा बोजा पडतो. २ लाख गाड्या काढल्या तर तो फक्त १०० रुपयांवर येतो. (आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. वर्गात ते बदलून पाहावेत.)

आता त्या काळाकडे पाहू. मोटार ही चैन मानली जाई. वर्षाला किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरे, परकीय चलन जपून मिळे, आणि १९६९ नंतर काही वर्षे किमतीही सरकारच ठरवत होते. १९८० साली सगळ्या देशात मिळून जेमतेम ३०,००० मोटारी तयार झाल्या. इतक्या थोड्या गाड्यांवर नव्या डायचा खर्च वसूल होणार कसा? शिवाय ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभेच होते. जुने साचे वापरत राहणे हेच अशा वेळी शहाणपणाचे होते.

पण त्या शहाणपणाची किंमत पुढे मोजावी लागली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' काढली, तिचे बाह्यांग जुन्या फियाट १२४ चे आणि इंजिन निसानच्या घडणीचे. नंतर प्यूजोशी भागीदारी केली, तीही १९९७ पर्यंत मोडली. कारखान्याला करणे येत होते, आखणे येत नव्हते.

अकरा वर्षे

टेल्कोची सुरुवात वेगळी नव्हती. १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्यासाठी ही कंपनी निघाली. १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ती ट्रक बनवू लागली. हा करार १५ वर्षांचा होता, १९६९ मध्ये संपणार होता. त्यानंतर काय, हा प्रश्न कंपनीचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांनी आधीच विचारला, हे महत्त्वाचे.

१९६६ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू झाले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आधी यंत्रे बनवणारी यंत्रे, डाय आणि इतर हत्यारे तयार होऊ लागली. शिकाऊ कामगारांसाठी प्रशिक्षण विभाग उभा राहिला. पुण्यात पहिले वाहन तयार झाले ते १९७७ मध्ये. म्हणजे मधली ११ वर्षे हत्यारे आणि माणसे घडवण्यात गेली. अर्थात टेल्कोला हे परवडले याची कारणेही सांगितली पाहिजेत. ट्रक ही चैन नव्हती, देशाची गरज होती. त्यामुळे उत्पादन मोठे होते, आणि पाठीशी टाटांचे भांडवल होते. प्रीमियरकडे यांतले काही नव्हते.

१९८५ नंतर जपानी येन झपाट्याने महागला आणि जपानहून येणाऱ्या सुट्या भागांची किंमत रुपयांत चढत गेली. ४०७ ला ही झळ फारशी लागली नाही. शिवाय इथले रस्ते आणि इथले ओझे गृहीत धरूनच तिची आखणी झाली होती. स्वराज आणि आयशर टिकल्या. उरलेल्या दोन इतिहासजमा झाल्या.

याच पायावर सिएरा (१९९१), सुमो (१९९४) आणि अखेर १९९८ मध्ये इंडिका आली. इंडिकाची बाह्यरेषा सुधारायला इटलीतील आणि इंजिनासाठी फ्रान्समधील तज्ज्ञांची मदत घेतली, ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री उचलून आणली. परकी मदत घेण्यात कमीपणा नव्हता. काय हवे ते आपण ठरवत होतो, हा फरक होता. आठवड्याभरात १,१५,००० जणांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली. तरी पहिल्या गाड्यांत दोष निघाले, २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. पण दोष दूर करून २००१ मध्ये सुधारित 'व्ही-२' आणता आली, कारण गाडी आखणारे हात घरचेच होते.

हाच प्रश्न आता लातूरच्या दाराशी आला आहे. हरंगुळजवळील रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला, आणि २०२३ मध्ये रशियन कंपनीच्या भागीदारीत इथे १२० शयनयान वंदे भारत गाड्या बनवण्याचा करार झाला. इथे किती डबे बनतील याइतकाच आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : करार संपेल त्या दिवशी लातूर-नांदेडच्या किती मुलामुलींना डबा आखता येत असेल? त्याची तयारी प्रयोगशाळेत, आयटीआयच्या कार्यशाळेत आणि आपल्या वर्गात आधीच व्हावी लागते. पुण्याला त्यासाठी ११ वर्षे लागली होती.