सीडॉ करार, विशाखा निकाल आणि आपली तक्रार

स्त्रियांबाबतचा सर्व प्रकारचा भेदभाव संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये सीडॉ करार स्वीकारला. भारताने त्यावर १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केले.

बालविवाह रोखू पाहणाऱ्या राजस्थानच्या साथीण भंवरीदेवींवरील १९९२ च्या अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता. न्यायालयाने संविधानातील मूलभूत हक्कांना सीडॉची जोड देऊन १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे २०१३ चा कायदा आला.

१० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. घरकामगार भगिनींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यावी. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते, की या समितीचे नावही अनेकींपर्यंत पोहोचलेले नाही. ते पोहोचवणे आपल्या हाती आहे.