हातांवरून पडलेलं नाव

१६०७-०८ च्या हिवाळ्यात जेम्सटाउनच्या इंग्रज वसाहतीतला कॅप्टन जॉन स्मिथ व्हर्जिनियाच्या पोव्हॅटन सरदारापुढे उभा राहिला. सरदाराच्या अंगावर कातड्यांचा झगा होता आणि जनावरांच्या शेपट्या तशाच लोंबत होत्या. असं जनावर इंग्लंडात नव्हतंच, मग त्याला नाव कुठून असणार? स्मिथने तिथल्या लोकांच्या तोंडचा शब्द कानाला लागला तसा उतरवला: आधी ‘राहॉगकम’, १६१२ साली ‘अरोकुन’. वसाहतीचा चिटणीस विल्यम स्ट्रेची याने ‘अराथकोन’ लिहिलं. जिभांवर घासत घासत त्याचा ‘रॅकून’ झाला.

अर्थ साधारण असा: हातांनी घासणारा, चोळणारा, खरवडणारा. आपल्याकडे शिंपी नि सुतार ही पाखरांची नावं कामावरूनच पडली, तसंच हे. दूर मेक्सिकोत नाहुआत्ल भाषेत याच प्राण्याला ‘मापाच्त्ली’, म्हणजे हातांनी सगळं धरणारा, म्हणत. स्पॅनिशमधला ‘मापाचे’ तिथूनच आला. दोन्ही भाषांचं एकमेकींशी नातं नाही, पण दोघींची नजर हातांवरच गेली.

युरोपची नजर मात्र पाण्यावर गेली. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली याला अस्वलांत घालून ‘उर्सुस लोटोर’, म्हणजे धुणारं अस्वल, ठरवलं. १७८० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ श्टोरने त्याला अस्वलांतून काढून ‘प्रोसायन’ ही वेगळी प्रजाती दिली, तरी ‘लोटोर’ चिकटून राहिलं. जर्मन ‘वाशबेअर’ आणि जपानी ‘अराइगुमा’ यांचाही अर्थ तोच.

पण रॅकून काही धूत नाही. ओढ्याच्या उथळ काठाशी तो बसतो, नजर भलतीकडेच, आणि पुढच्या पंजांची पाच-पाच बोटं पाण्याखालच्या दगडांच्या फटी चाचपत असतात. खेकडा सापडला की दोन्ही हातांत फिरवून पाहतो. पिंजऱ्यातल्या रॅकूनने घास पाण्यात बुडवणं म्हणजे हीच चाचपणी, असं प्राणिशास्त्रज्ञ लायल-वॉटसन यांनी १९६३ मध्ये दाखवलं. घास स्वच्छ की मळका, याने फरक पडत नव्हता. ओल्या तळव्यांना स्पर्श अधिक कळतो, आणि त्याच्या मेंदूतला स्पर्शाचा मोठा वाटा या हातांसाठीच राखलेला आहे. घासणारा, चोळणारा हे जुनं नावच जास्त नेमकं होतं.

ते ठेवणाऱ्यांची बोली वसाहतीच्या रेट्याखाली अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलण्यातून गेली. स्ट्रेचीने टिपलेली शब्दांची यादी १८४९ पर्यंत हस्तलिखितातच पडून राहिली. त्या लोकांचे वंशज पामंकी आणि मॅटपोनाय आजही आपापल्या नावाच्या नद्यांकाठी राहतात. पूर्वजांचे ‘मोकॅसिन’, ‘टॉमहॉक’ आणि ‘रॅकून’ हे शब्द जगभर बोलले जातात.