दोष बॅटरीचा की ड्रायव्हरचा?

मलकापुराहून आंबा घाटाकडे जाणाऱ्या मालमोटारी आपण रोज पाहतो. पहाटे त्यांतली एखादी सुरू झाली नाही, की ‘बॅटरी मेली’ असा निकाल लागतो आणि ‘ड्रायव्हर रात्री दिवे लावून झोपला असेल’ अशी पुस्ती त्याला जोडली जाते. आम्ही संघटनेचे माणूस. आमची शाळा बॉनेटखालीच झाली. एका मालकाने अशा बॅटरीची किंमत ड्रायव्हरच्या पगारातून कापली, तेव्हा हा निकाल तपासून पाहणे आम्हांस भाग पडले.

शिसे व गंधकाम्ल यांची, पुन्हा भरता येणारी बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारताना हात मोडण्याचे भय हळूहळू सरले. इंजिन फिरविणे बॅटरीकडे आणि बॅटरी भरणे डायनॅमोकडे आले. १९५४ मध्ये जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझ मालमोटारी बनू लागल्या. पुढे डायनॅमोची जागा आल्टरनेटरने घेतली. जुन्या सवयी मात्र राहिल्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढावयाची आणि दिवे विझले तर डायनॅमो निकामी समजावयाचा, ही वस्तादांची जुनी परीक्षा. आल्टरनेटरवर ती केली, तर व्होल्टेज उसळून आतले डायोड जळतात. म्हणजे दोष शोधता शोधता नवा दोष जन्मास येतो.

खरी तपासणी मीटरने व क्रमाने होते. मोठ्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. गाडी काही तास थांबल्यावर दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्यात. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. मग इंजिन चालवून दोहोंवर मिळून सुमारे २८ व्होल्ट येतात का, ते पाहावे. आल्टरनेटरपाशीच कमी भरले, तर बेल्ट सैल किंवा रेग्युलेटर बिघडलेला. तेथे पुरते आणि बॅटरीपाशी कमी, तर दोष वाटेतल्या तारेचा. एवढे सारे ठीक असून पूर्ण भरलेली बॅटरी टिकत नसेल, तरच तिला बोल लावावा.

त्या गाडीत आल्टरनेटरपाशी २८ आणि बॅटऱ्यांवर २६ भरले. चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार गंजली होती. ती घासून बसविली, बॅटऱ्या बाहेर भरून आणल्या; त्याच बॅटऱ्यांवर गाडी पुन्हा घाट चढू लागली. कापलेले पैसे परत मिळाले.

नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्याने सांगितले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम राहिले. पण मीटर लावल्यावाचून ड्रायव्हर म्हणणार तरी काय? म्हणून आमचे मालकांस व ड्रायव्हरांस एकच सांगणे आहे: आधी मोजा, आकडे वहीत लिहा, मग दोष द्या.