श्वासावाटे औषध

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुरुग्रामच्या पुढे, मानेसर हे कारखान्यांचे नगर लागते. कार्तिक सरता सरता तेथील आकाश धुरकट होते, आणि ज्या घरात दमेकरी मूल आहे तेथे अपरात्री नेब्युलायझरची घरघर सुरू होते. आईच्या मांडीवर मूल, त्याच्या नाकातोंडावर मुखवटा आणि मुखवट्यात औषधाचे तुषार. श्वासावाटे औषध देण्याची युक्ती फार जुनी आहे. लहान मुलाच्या वाट्याला मात्र ती फार उशिरा आली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमवर्तीची कृती आहे. औषधी द्रव्यांचा लेप काडीवर चढवावयाचा, तो वाळला की काडी काढून घ्यावयाची, आणि पोकळ वर्तीला तूप लावून ती पेटवावयाची. धूर ओढण्याची नळी प्रसंगानुसार 24, 32 वा 36 अंगुळे लांब असे. दुरून आलेला धूर सौम्य होतो, असा त्यामागील विचार. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात वयाची मर्यादाच घातली: गुळणी पाच वर्षांनंतर, नस्य सातानंतर, धूम मात्र अठरा वर्षांपूर्वी नाही. हा निर्बंध शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. धूर तो धूरच. कोवळ्या छातीला तो सोसावा कसा?

पुढे याच भूमीतील धोत्रा विलायतेस गेला. मद्रासचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन दम्यावर धोत्र्याचा धूर देत. जनरल जेंट यांनी 1802 साली तो उपाय ब्रिटनमध्ये नेला, आणि दमेकऱ्यांसाठी धोत्र्याच्या विड्या युरोपात पुढे दीर्घकाळ खपत राहिल्या. धोत्र्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे, परंतु त्याचे विष कोणत्या पानात किती, हे कोण सांगणार! मुलांच्या बाबतीत तर हा जिवाशीच खेळ.

धुराऐवजी तुषार, ही कल्पना पॅरिसच्या साल-जिरों यांनी 1858 साली यंत्रात उतरविली. हातपंपाच्या दाबाने औषधी पाण्याची बारीक फवार उडे. पुढे पंपाची जागा विजेने घेतली. 1956 साली अमेरिकेत दाबाचा पहिला खिशातील फवारा विक्रीस आला. त्याच्या निर्मात्याला ही कल्पना त्याच्या दमेकरी मुलीच्या प्रश्नावरून सुचली, असे सांगतात. गंमत अशी, की नुसता तो फवारा तान्ह्या मुलाला उपयोगी नाही, कारण दाबणे आणि श्वास ओढणे एकाच क्षणी साधावे लागते. नेब्युलायझरला एवढे कौशल्य लागत नाही. मुलाने नेहमीसारखा श्वास घेत राहावे, एवढे पुरे.

यंत्रातील हवा बारीक छिद्रातून वेगाने सुटते आणि द्रव औषधाचे कण करते. पाच मायक्रॉनहून लहान कण खोल जातात, मोठे घशातच अडतात. 1969 साली आलेले साल्बुटामॉल आज या कुपीत नित्याचे आहे. झटका तीव्र असेल तर डॉक्टर त्यात इप्राट्रोपियम घालतात. हे द्रव्य अ‍ॅट्रोपिनपासून, म्हणजे धोत्र्याच्याच गुणाच्या द्रव्यापासून घडविलेले. पण आता त्याची मात्रा मोजलेली असते.

ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची. घरी पाहावयाचे ते मुखवट्याकडे. तो बोटभर दूर धरला तरी बरेचसे औषध हवेत विरून जाते, आणि रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात फारच थोडे पोचते. स्टेरॉइड दिले असेल तर नंतर मुलाचे तोंड व चेहरा धुवावा. ओठ निळसर झाले, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाऊ लागली, तर यंत्राचा भरवसा धरू नये. मूल उचलावे आणि रुग्णालय गाठावे.