शिकवणारी कनिष्ठ, शिकणारे वरिष्ठ

१/ एकाच सरकारी कार्यालयात, एकाच संगणकापुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कौशल्यात एवढी तफावत का असते? प्रश्न आजचा वाटतो; पण त्याचे एक उत्तर महायुद्धोत्तर ब्रिटनच्या इतिहासात सापडते. #थ्रेड

२/ फेब्रुवारी १९४४. ब्लेचली पार्क येथे ‘कोलॉसस’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र जर्मन सेनाधिकाऱ्यांचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामी लागले. ते घडवले होते टपाल खात्यातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी. चालवत होत्या प्रामुख्याने नौदलाच्या महिला दलातील तरुणी. गुप्ततेमुळे हे काम १९७० च्या दशकापर्यंत अंधारातच राहिले.

३/ युद्धानंतर सरकारी हिशेब यंत्रांवर होऊ लागले. हे काम ‘यांत्रिक’, म्हणून हलके मानले गेले. त्यासाठीच्या ‘मशीन ग्रेड’मध्ये बहुतांश स्त्रियाच होत्या. १९५५ मध्ये सरकारी सेवेत समान वेतनाचे तत्त्व मान्य झाले. पण तुलनेला पुरुषच नाहीत, या सबबीवर ही श्रेणी त्यातून वगळण्यात आली!

४/ इतिहासकार मार हिक्स यांनी आपल्या २०१७ च्या ग्रंथात १९५९ मधील एक प्रसंग नोंदवला आहे. सरकारच्या मुख्य संगणक केंद्रातील एका महिला प्रोग्रामरने आपले सारे काम सांभाळून दोन नवख्यांना वर्षभर शिकवले. त्यांना संगणकाचा कसलाच अनुभव नव्हता. वर्षअखेरीस ते दोघे व्यवस्थापक झाले आणि ती त्यांच्या हाताखाली साहाय्यक.

५/ असे का घडले? संगणक हे कारभाराच्या नियंत्रणाचे साधन आहे, हे वरिष्ठांच्या ध्यानात येऊ लागले होते. ते साधन अधिकारपदाच्या वाटेवरील पुरुषांच्या हाती असावे, असे धोरण ठरले. जाणकार हात खाली राहिले; वरच्या खुर्च्यांसाठी मात्र कुशल माणसांची चणचण भासू लागली.

६/ बाहेर पडलेल्यांचे काय झाले? कोलॉसस जिथे घडला, त्याच डॉलिस हिल संशोधन केंद्रात स्टेफनी शर्ली १९५१ मध्ये रुजू झाल्या. रात्रवर्गांतून त्यांनी गणिताची पदवी मिळवली. १९६२ मध्ये स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढून त्यांनी स्त्रियांना घरून प्रोग्रामिंगचे काम दिले. पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या.

७/ तात्पर्य, ही तफावत बुद्धीची नव्हती. कोणाला शिकण्याची, टिकण्याची आणि चढण्याची संधी मिळाली, याची होती. म्हणून दप्तरखान्यातील जुनी कर्मचारी-यादी वाचताना पदनामावर थांबू नये. पदनाम अधिकार कोणाचा होता ते सांगते. काम कोणाला येत होते, हे मात्र आपल्याला शोधावे लागते.